घर-अंगण : कुंपण बदलायची वेळ



मागच्या अंकात आम्ही खिडक्यांच्या फटींविषयी लिहिलं होतं. ते वाचून काही ज्येष्ठ मंडळींनी विचारलं, "खिडक्यांचं झालं, पण मागच्या बागेच्या कुंपणाचं काय? ते दुरुस्त करायचं की बदलायचं, हे कसं ओळखायचं?" प्रश्न अगदी योग्य ठिकाणी आला, कारण या बाबतीत आम्ही स्वतः चुकलेलो आहोत.

१८ फेब्रुवारी २०२२ चा शुक्रवार. युनिस नावाचं वादळ आलं होतं. आयल ऑफ वाइटजवळच्या नीडल्स इथे वाऱ्याचा ताशी १२२ मैलांचा झोत नोंदला गेला, इंग्लंडमधला तो विक्रम ठरला. आमच्याकडे लंडनमध्ये एवढा जोर नव्हता, पण शब्बाथचा स्वयंपाक चालू असताना मागे धाडकन आवाज झाला. बघतो तर कुंपणाची दोन पॅनल्स आणि मधला खांब शेजारच्या बाईंच्या बाकावर आडवे पडलेले. त्या बाकावर त्या रोज दुपारी चहा घेऊन बसतात. वय तेव्हा ८४. त्या दिवशी वाऱ्यामुळे घरात होत्या, ही देवाची कृपा.

दुसऱ्या दिवशी खांब जवळून पाहिला. वरून चांगला ठणठणीत, पण जमिनीलगत नुसता भुसा. आम्ही इतकी वर्षं वरच्या फळ्याच बघत होतो!

आपल्या वाडवडिलांना हा प्रश्न पडला नसेल. कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगडात, वाडीला काट्याकुट्यांची वई असायची. पावसात ती कुजायची, मग गुरं आत शिरायची, म्हणून दर वर्षी नवी घालायची हे ठरलेलंच. कोणी पांगाऱ्याचे नाहीतर शेवग्याचे खुंट रोवत. पावसात त्यांना पालवी फुटे आणि खांबाचं झाड होई. तिथे ऋतूच सांगायचा की कुंपणाची वेळ झाली. इथलं लाकडी कुंपण काही सांगत नाही. गुपचूप उभं राहतं आणि एक दिवस पडतं. म्हणून आपणच वर्षातून दोनदा, थंडी सुरू होण्याआधी आणि संपल्यावर, त्याची तब्येत बघायची.

तपासणी पायापासून सुरू करावी. लाकूड बहुधा जमिनीच्या रेषेवरच कुजतं. खोल मातीत हवा कमी असते, वरचं लाकूड वाऱ्याने वाळतं, पण जमिनीलगत ओल आणि हवा दोन्ही मिळतात आणि बुरशीला तेच हवं असतं. तिथली माती, पाला जरा बाजूला करून स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघा. कडक लागलं तर खांब ठीक. लोण्यासारखं आत गेलं तर समजा, खांबाचे दिवस भरले.

मग खांब हाताने हलकेच हलवा. खाली काँक्रीट धरून असेल आणि लाकूडच हलत असेल, तर ते कुजलंय. काँक्रीटच्या गोळ्यासकट खांब हलत असेल, तर माती सैल झालीय. लंडनच्या पुष्कळ भागात चिकणमाती आहे. ती हिवाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि खांब कलंडतात. हे काम ज्येष्ठांनी एकट्याने करू नये. मुलगा, सून, नातवंडं कोणीतरी बरोबर असू द्या.

फळ्या राखाडी झाल्या म्हणून घाबरायचं कारण नाही. तो उन्हापावसाचा रंग, जसे आपले केस पिकतात. हिरवट शेवाळही ब्रशने घासून जातं. ही कुज नव्हे.

आता हिशेब. एखादी फळी सुटली तर दोन खिळे पुरेत. पॅनल मोडलं पण खांब बळकट असतील, तर तेवढंच बदला. पॅनल साधारण ६ फूट रुंदीचं तयार मिळतं. एकच खांब पायाशी कुजला असेल, तर त्याला काँक्रीटचा आखूड टेकू बोल्टने जोडून अजून काही वर्षं काढता येतात. पण लागोपाठचे दोन-तीन खांब गेले, तर डागडुजी म्हणजे पैसे मातीत घालणं. मग सगळी रांग नवी करा. ६ फुटी कुंपणाला लाकडी खांब ८ फुटी घेतात, म्हणजे २ फूट जमिनीत जातो. झेपत असेल तर खांब आणि तळाची पट्टी काँक्रीटची घ्या. खर्च जरा जास्त, पण कुजण्याची कटकट नाही. इंग्लंडमध्ये मागच्या बागेचं कुंपण २ मीटरपर्यंत आणि मोटारींच्या रस्त्यालगतचं १ मीटरपर्यंत असेल, तर सहसा नगरपालिकेची परवानगी लागत नाही.

बदलण्याआधी कुंपण कोणाचं ते बघा. "डावीकडचं आपलं, उजवीकडचं शेजाऱ्याचं," असं आपल्याला सगळेच सांगतात, पण तसा कायदा नाही. घराच्या कागदपत्रांतल्या नकाशावर हद्दीच्या रेषेला इंग्रजी टी अक्षरासारखी खूण असेल, तर ती ज्याच्या बाजूला, कुंपण सांभाळायचं काम बहुधा त्याचं. पुष्कळ नकाशांवर खूणच नसते. आणि कुंपण शेजाऱ्याचं असेल तर त्याला न विचारता आपल्या बाजूनेही रंग लावू नका, खिळा ठोकू नका.

इथेच आमची चूक झाली. ते कुंपण बाईंचं आहे असं आम्हाला वाटत होतं. खर्चाचं बोललो तर त्यांना वाईट वाटेल, म्हणून आम्ही गप्प. कुंपण आमचं आहे असं त्यांना वाटत होतं. तक्रार केली तर बरं दिसणार नाही, म्हणून त्या गप्प. वीस वर्षं कुंपणावरून हवापाण्याच्या गप्पा मारल्या, पण कुंपणाचा विषय कोणीच काढला नाही! पडल्यावर कागद काढले तर नकाशावर खूणच नाही. शेवटी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून खर्च अर्धा-अर्धा वाटून घेतला. बोलणं दहा मिनिटांत आटोपलं. निघताना त्या म्हणाल्या की गेले दोन हिवाळे त्या कुंपणाकडे भीत-भीत बघत होत्या. ऐकून आम्हाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नव्या घराच्या गच्चीला कठडा कर, म्हणजे कोणी पडून जीव जाणार नाही, अशी आपल्या तोरात आज्ञा आहे. कुंपणालाही तोच न्याय लावायला हवा होता.

एक धोक्याची सूचना. वादळानंतर तिसऱ्या दिवशी एक माणूस दारात उभा. "तुमचं सगळं कुंपण गेलंय, आज रोख द्या, आजच करून देतो." अशांना "नको, थँक्यू" म्हणून दार लावून घ्या. दोन-तीन ठिकाणांहून लेखी दर मागवा, मुलांना दाखवा, मगच ठरवा. दारात येऊन केलेला ४२ पौंडांवरचा सौदा सहसा १४ दिवसांच्या आत रद्द करता येतो, तो कायद्याने दिलेला हक्क आहे. विम्यावरही फार विसंबू नका. घराच्या पुष्कळ विम्यांत वादळाने पडलेलं कुंपण धरत नाहीत. आपले कागद आधीच वाचून ठेवा.

जुनं लाकूड बागेत जाळू नका. पूर्वी कुंपणाला क्रिओसोट नावाचं काळं तेल फासत. घरगुती वापरासाठी त्याची विक्री २००३ मध्ये बंद झाली, पण जुन्या फळ्यांत ते मुरलेलं असतं आणि त्याचा धूर विषारी. फळ्या नगरपालिकेच्या कचरा केंद्रावर द्याव्यात. आणि कुंपणावर वेल असेल तर मार्च ते ऑगस्ट थांबून, नीट बघून हात लावा. पक्ष्याचं चालू घरटं मोडणं १९८१ च्या कायद्याने गुन्हा आहे.

आता बच्चेकंपनीसाठी दोन गोष्टी.

पहिली : दुसऱ्या महायुद्धात इथल्या घरांपुढची पुष्कळ लोखंडी कुंपणं युद्धसामग्रीसाठी कापून नेली. अजून जुन्या बुटक्या भिंतींवर त्यांचे खुंट दिसतात. त्याच काळात बॉम्बहल्ल्यातल्या जखमींना उचलायला लोखंडी स्ट्रेचर बनवले होते. युद्ध संपल्यावर ते उरले, तेव्हा दक्षिण लंडनमधल्या पेकहॅम, डेटफर्डसारख्या भागांतल्या वसाहतींना त्यांचंच कुंपण केलं! दांड्यांना दोन्ही टोकांकडे बाक दिसला तर ओळखा. स्ट्रेचर जमिनीवर टेकला तरी हात घालून उचलता यावा, म्हणून तो बाक. काही गंजून गेल्यामुळे काढावे लागले, काही अजून उभे आहेत. आजी-आजोबांबरोबर जाऊन शोधा.

दुसरी : आपल्या बागेत रात्री हेजहॉग येतो. अंगभर काटे, आकार सोललेल्या नारळाएवढा. एका रात्रीत तो एक-दोन किलोमीटर हिंडतो. सगळीकडे घट्ट कुंपणं झाली तर बिचारा जाणार कुठून? म्हणून नव्या कुंपणाच्या तळाशी १३ सेंटिमीटर लांब-रुंद भोक ठेवायचं. पट्टीने मोजायचं काम तुमचं.

आमच्या नव्या कुंपणाला तसं भोक आहे. आणि बाईंनी आणखी एक गोष्ट मागून घेतली. जुन्या कुंपणाची एक फळी सैल होती. त्या फटीतून आमची मुलं चेंडू आणायला जात आणि रोश हशानाला चिकाच्या हलव्याची बशी पलीकडे जाई. त्या म्हणाल्या, "सगळं उंच करू नका, मग बशी कुठून येणार?" म्हणून स्वयंपाकघरासमोरचं एक पॅनल आम्ही ४ फुटीच ठेवलंय. हलव्याची बशी आता वरून जाते आणि तिच्यातून जॅमची बाटली परत येते.

तर मंडळी, या आठवड्यात बागेत जा आणि खांबाच्या पायाशी वाकून बघा. वाकवत नसेल तर नातवंडाला वाकायला सांगा. आणि शेजाऱ्याशी बोला, कुंपण उभं आहे तोवरच.

पुढच्या अंकात छपराच्या पन्हळीविषयी. तोवर शालोम.