चाकोरीबाहेरचे वीर

पुण्या-मुंबईचा माणूस पाच दिवस चाकोरीतली नोकरी करतो आणि शनिवारी चाकोरीबाहेर जातो. त्यासाठी तो चारी चाकांना जोर असलेली गाडी घेतो, वर पैसे भरतो आणि मावळ-मुळशीकडे जिथे रस्ता नाही तिथे ती घालतो. याला ‘ऑफ-रोडिंग’ म्हणतात. नवशिक्यांसाठी त्यात एक ‘सोपी ट्रेल’ असते.

ही सोपी ट्रेल म्हणजे काय? अहो, पाणंद! दोन शेतांमधली, मध्येच ओहोळ आडवा येणारी, साधी बैलगाडीची पाणंद. त्या पाणंदीचा रस्ता व्हावा म्हणून शेतकरी अर्जांवर अर्ज करतो. कुणी वाट अडवली तर १९०६ च्या मामलतदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे धावतो. २०२१ मध्ये सरकारनं मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना काढली, ती याचसाठी. म्हणजे एकजण रस्ता मिळावा म्हणून खेटे घालतोय आणि दुसरा रस्ता नाही म्हणून पैसे मोजतोय. आता बोला!

माझं भांडण हौसेशी नाही. जीप ही काही पाप नव्हे. मुंबईत तिची जुळणी होऊ लागली आणि खेड्यापाड्यांनी तिला जीवच लावला. भांडण आहे ते चिखलाशी. या वीरांना भर पावसातच पाणंद लागते. चाकं गरागरा फिरवायची, हातभर खोल घळी पाडायच्या, माखलेल्या गाडीचा फोटो काढायचा आणि रविवारी रात्री घरी जाऊन गरम पाण्यानं अंघोळ करायची. पाऊस सरला की त्याच घळी उन्हानं विटेसारख्या भाजून निघतात. भाताची गाडी घरी यायची असते ती नेमकी तेव्हा. मग बैल खाली मान घालतो आणि भारे माणसाच्या डोक्यावर येतात.

शिकायचंय ना? मग डिसेंबरानंतर या. वाट कुणाच्या शेतातून जाते ते आधी विचारा. चाकांतली हवा थोडी उतरवा. खालचा गिअर टाका आणि माणसाच्या चालीनं चला. स्टिअरिंगच्या आत अंगठे अडकवू नका. दगड लागला की ते हिसका देतं. ओहोळ आधी पायी उतरून बघा. आणि मुख्य नियम, जो कुठलाही जाणता शिकवणारा सांगतो : आधीची चाकोरी सोडू नका, नवी पाडू नका.

ऐकलंत? चाकोरीबाहेर जाण्याचं सगळं शास्त्र चाकोरीतून चालायला शिकवतं. गाडीवान हे कुणाला पैसे न देता शिकला होता.

आणि हो, जाताना वाटेतल्या खड्ड्यात चार घमेली मुरूम टाकून जा. गाडीच्या मागे फावडं बांधलेलं असतंच. ते नुसतं फोटोसाठी नसावं, असं मी धरून चालतो.