पद्मिनीचे टायर आणि वऱ्हाडची काळी माती

१/ जून २०२२ मध्ये अमरावती–अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला गेला आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. अशा रस्त्यावर जुन्या मोटारीला कोणताही टायर चालतो, असा समज सहज होतो. तो घातक आहे.

२/ पूर्णेच्या खोऱ्यातील काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरचे रस्ते खचतात, पांदण रस्त्यांत खोल चाकोऱ्या पडतात. बैलगाडीचे लोखंडी धाव चढवलेले उंच चाक अशाच जमिनीला उपयोगी पडले: चाक मोठे, तितका आस जमिनीपासून वर.

३/ मोटारीलाही हाच नियम. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला कारखान्यात फियाट ११०० व पुढे पद्मिनी तयार झाली. तिचा टायर ५.२०-१४, म्हणजे रुंदी ५.२० इंच, रिम १४ इंच. जुन्या टायरची भिंत जवळपास रुंदीइतकीच उंच असे. त्यामुळे चाकाचा एकूण व्यास ६० सेंटीमीटरच्या किंचित वर जाई.

४/ आज दुकानात १५५/६५ आर१४ सहज मिळतो. रिमवर तो बसतो. पण त्याची भिंत रुंदीच्या ६५ टक्केच, म्हणून व्यास सुमारे ५५७ मिलिमीटर. १५५/८० आर१४ चा व्यास ६०४ मिलिमीटर. या दोहोंतील फरकाच्या निम्म्याने, म्हणजे सुमारे २३ मिलिमीटरने, गाडी खाली बसते.

५/ गावच्या गतिरोधकावर ऑइल चेंबर वाचणे किंवा फुटणे एवढ्याशा अंतरावर ठरू शकते. स्प्रिंग उंचावून हे भरून निघत नाही. त्याने बॉडी वर जाते. मागच्या आसावरचे डिफरन्शिअल होते तिथेच राहते. त्याला वर उचलतो तो केवळ टायर.

६/ अतिमोठा टायरही अयोग्य. वळताना तो मडगार्डला घासतो, इंजिनावर ताण येतो, स्पीडोमीटर प्रत्यक्षाहून कमी वेग दाखवतो. मूळ व्यासापासून ३ टक्क्यांहून अधिक दूर जाऊ नये. गाडी मागून बसली असेल, तर आधी पाटे तपासावेत. टायर हा त्यावरचा उपाय नव्हे.

७/ जुनी मोटार जतन करणे म्हणजे रंग आणि क्रोम चकाकवणे एवढेच नाही. जमिनीपासूनची उंची हाही तिच्या मूळ रचनेचाच भाग आहे. महामार्ग सोडून गावाच्या रस्त्याला वळू न शकणारी पद्मिनी वऱ्हाडात अर्धीच जतन झालेली असते. म्हणून टायर घेताना रिमच्या आकड्यावर थांबू नये. पूर्ण व्यास मोजून घ्यावा.