आंतरजालाचें सुतक

हल्लीं आमच्या सुशिक्षित वर्गांत एक नवें सुतक पाळण्याची चाल पडली आहे. चार पदवीधर एकत्र जमले कीं, जुन्या आंतरजालाच्या नांवानें उसासे निघूं लागतात. तेव्हां म्हणे प्रत्येकाचें स्वतःचें पान असे, त्यावर त्याची स्वतःची छाप असे, आणि आतां आपण सारे परदेशी कंपन्यांच्या चाळींतले भाडेकरू झालों! हा विलाप इतिहासास धरून नाहीं. ज्या जिओसिटीजच्या आठवणीनें यांचे कंठ दाटतात, तेथील जागा फुकट असली तरी दुसऱ्याचीच होती. १९९९ सालीं ती याहूनें विकत घेतली व २००९ च्या ऑक्टोबरांत, जपानी शाखा तेवढी वगळून, लाखों पानांसह मोडीत काढली. भाडेकरू तेव्हांही होतोंच. भाडें कोणी मागत नव्हतें, इतकेंच.

शिवाय तें नंदनवन होतें कोणाचें? आपल्या देशांत आंतरजाल सर्वसामान्यांस खुलें झालें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं. पुढच्याच वर्षीं 'मायबोली' निघाली ती अमेरिकेंतील मराठी माणसाच्या हातून; 'मनोगत' आलें २००४ सालीं, 'मिसळपाव' २००७ सालीं. औरंगाबादेस (२०२३ पर्यंत आमच्या शहराचें नांव तेंच होतें) तासाचे पैसे मोजून सायबर कॅफेंत बसणारा विद्यार्थी या अंगणांत दुरून डोकावणाराच होता. त्यानें मराठी लिहावयास घेतलें तें मोबाईल हातीं आल्यावर. त्याच्या येण्यानें अंगण बाटलें, असा या उशाशांचा एक छुपा अर्थ आम्हांस ऐकूं येतो, आणि तो आम्हांस मुळींच मान्य नाहीं.

तेव्हां मोलाचें कांहींच नव्हतें, असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. कमाईची आशा नसतां लोकांनीं पाककृती, कुलवृत्तान्त, प्रवासवर्णनें स्वहस्तें टंकून ठेवलीं. तें सारें गेलें कोठें? येथें दोष कंपन्यांवर ढकलून भागणार नाहीं. युनिकोड रूढ होण्यापूर्वीं मराठी मजकूर 'शिवाजी', 'श्रीलिपी' अशा टंकांत लिहिला जाई. त्यांत रोमन अक्षरांच्या जागीं देवनागरीचे आकार बसविलेले असत, आणि प्रत्येक टंकाची बसवणूक निराळी. तो टंक नसलेल्या यंत्रावर तें लिखाण उघडलें तर रोमन अक्षरांचा व चिन्हांचा निरर्थक चिवडा तेवढा दिसतो. दोनशें वर्षांपूर्वींचा मोडी कागद मोडी जाणणाऱ्यास आजही वाचतां येतो. हें लिखाण वीस-पंचवीस वर्षांतच लिहिणाऱ्यालाही लागेनासें झालें. टंकाचा तक्ता हाताशीं असला तर तें युनिकोडांत उतरवितां येतें. पण ते तक्ते जाणणारीं माणसें हयात आहेत तोंवरच.

राजवाड्यांनीं गांवोगांव हिंडून दप्तरें मिळविलीं व १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' यांचा पहिला खंड काढला. नष्ट झालेल्या कागदांसाठीं ते नुसते उसासे टाकीत बसले नाहींत. जिओसिटीज मोडली जात असतां परदेशांतील कांहीं स्वयंसेवकांनीं खपून पुष्कळ पानें उतरवून ठेवलीं. आमच्या साहित्यसंस्था मात्र मराठीच्या भवितव्यावर ठराव करण्यांत गुंतलेल्या! छापील पुस्तकाची प्रत १९५४ च्या कायद्यानें राष्ट्रीय ग्रंथालयांत जाते; आंतरजालावरील मराठीला तो आसरा नाहीं. आमच्या गांवांत विद्यापीठ आहे, मराठवाडा साहित्य परिषद आहे, संगणक शिकणारीं मुलें आहेत. शोक करणाऱ्यांनीं कपाटांतल्या जुन्या फ्लॉप्या व सीड्या त्यांच्या स्वाधीन कराव्यात, आणि या संस्थांनीं त्यासाठीं एक खोली व दोन जुने संगणक राखून ठेवावेत. फ्लॉपी वाचण्याची सोय नव्या संगणकांत उरलेली नाहीं.