खऱ्या कळा, खोट्या कळा

गेल्या दिवाळीतली गोष्ट. चकलीचा दुसरा घाणा तळणीत होता आणि शेजारच्या वहिनींची लेक स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस अगदी भरलेले. चेहरा उतरलेला.

"काकू, कळा असतात तरी कशा हो? आईला विचारलं तर म्हणते, आल्या की कळेल."

हेच उत्तर माझ्या आईने मला दिले होते, आणि मला मुळीच कळले नव्हते! माळा आवरल्यामुळे कंबर धरली असेल, अशा समजुतीत मी अर्धा दिवस घालविला.

या मुलीचे दुखणे आणखी वेगळे होते. दोनदा ती पोट आवळते म्हणून दवाखान्यात गेली आणि दोन्ही वेळा परत आली. मग घरात थट्टा सुरू झाली. भाऊ म्हणे, "लांडगा आला रे आला!" आता सकाळपासून कंबर दुखत होती, पण बोलायची लाज वाटत होती. मैत्रिणींनो, मी गॅस बंद केला. त्या थट्टेचाच मला राग आला.

खोट्या कळा म्हणजे काही नाटक नव्हे. इंग्लंडमधील डॉक्टर जॉन ब्रॅक्स्टन हिक्स यांनी १८७२ साली त्यांचे वर्णन केले, म्हणून दवाखान्यात त्यांचेच नाव घेतात. (बाईच्या पोटातल्या आवळण्यालाही नाव पुरुषाचेच!) या कळांत पोट आवळते खरे, पण मध्येच, अनियमितपणे. थोडे चालले, कुशीवर निजले, पाणी प्याले की बहुधा ओसरतात. खऱ्या कळा चालल्याने थांबत नाहीत. त्या ठरावीक अंतराने येतात, अंतर कमी होत जाते आणि जोर वाढत जातो. गर्भाशय वरून आवळत असते आणि खालचे तोंड हळूहळू उघडत असते. पुरते उघडले म्हणजे सुमारे १० सेंटिमीटर.

वाटते कसे? कुणाला पाळीतल्या दुखण्यासारखे, कुणाला मुरडा आल्यासारखे. पुष्कळींना कंबरेतून निघून पट्टा आवळावा तसे ओटीपोटात येते. कळ चढते, शिगेला पोचते, उतरते. त्या वेळी पोट कपाळासारखे टणक लागते, नंतर गालासारखे मऊ. आणि मुख्य म्हणजे मध्ये विसावा असतो! हे कुणी सांगतच नाही. मुली समजतात, सुरू झाले की बाळ होईपर्यंत अखंड दुखायचे.

मी तिचा हात तिच्याच पोटावर ठेवला आणि घड्याळ समोर घेतले. एका कळेच्या सुरुवातीपासून पुढच्या कळेच्या सुरुवातीपर्यंत मोजायचे. बारा मिनिटे. मग दहा. तासाभराने आठ. आता कळ आली की तिचे बोलणे अर्ध्यावर तुटे.

पहिल्या खेपेला साधारणपणे दर ५ मिनिटांनी, मिनिटभर टिकणारी कळ तासभर येत राहिली की निघावे, असे सांगतात. दवाखाना लांब असेल, दुसरी खेप असेल किंवा डॉक्टरांनी निराळे सांगितले असेल, तर त्याआधीच. आणि पाणमोट फुटली, अंगावरून रक्त गेले, बाळाची हालचाल मंदावली, दोन कळांमध्ये पोट सैलच होईना, किंवा ३७ आठवडे भरण्याआधी कळा आल्या, तर घड्याळ बघत बसू नये; तडक जावे.

रात्री आठला मी वहिनींना हाक मारली, टॅक्सी बोलावली. जिन्यात मुलगी थबकली.

"काकू, पुन्हा परत पाठवलं तर?"

"तर परत येऊ. अगं, तिथल्या सिस्टरनासुद्धा आतून तपासल्याशिवाय नक्की सांगता येत नाही, मग तुला कसं यावं? चकल्या अजून अर्ध्या तळायच्याच आहेत."

त्या चकल्या वहिनींच्या मुलाने तळल्या. थोड्या करपल्या, पण मामा झाला होता, म्हणून सगळ्यांनी खाल्ल्या.