एक्स्प्लेनर : 'स्टँडबाय' पायलट म्हणजे रिकामा पायलट नव्हे!

पायलटची महिन्याची ड्युटी 'रोस्टर'मध्ये आधीच ठरते. कुणी आजारी पडलं किंवा विमान रखडल्याने ड्युटीची मर्यादा संपली, की 'स्टँडबाय' पायलटला बोलावलं जातं. तोवर तो घरी असला, तरी फोन येताच निघायच्या तयारीत असतो.

'डीजीसीए'च्या नव्या नियमांत साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली, तर रात्रीच्या लँडिंगची मर्यादा ६ वरून २ वर आली. म्हणजे तेवढ्याच उड्डाणांसाठी जास्त पायलट हवेत. हे नियोजन कमी पडलं आणि डिसेंबर २०२५ मध्ये 'इंडिगो'ची हजारो उड्डाणं रद्द झाली. मग रात्रीच्या नियमांतून कंपनीला तात्पुरती सूट मिळाली.

प्रवाशांचे हाल खरेच. पण त्यावर उपाय राखीव पायलट वाढवणं हा आहे, पायलटची झोप कमी करणं नव्हे.