तगाद्याची गुंडगिरी

कर्ज घेतले तर ते फेडले पाहिजे, ह्याविषयी आमच्या मनात तिळमात्र संदेह नाही. ज्याने दुसऱ्याचा पैसा वापरला त्याने तो परत करावा, उशीर झाला तर व्याजासह करावा, आणि धनकोने तो मागावा, ह्यात गैर ते काय? परंतु गेली काही वर्षे ठाणे, कल्याण आणि डोंबिवली ह्या पट्ट्यातील नोकरदार व कष्टकरी घरांत वसुलीच्या नावाखाली जे चालले आहे, त्याला मागणे म्हणणे हा त्या शब्दाचा अपमान होय. सकाळच्या लोकलमध्ये एका पायावर उभ्या असलेल्या माणसाचा फोन वाजतो. उचलला तर शिवी. न उचलला तर दहा मिनिटांत दुसऱ्याच क्रमांकावरून तोच आवाज. दुपारी फोन कचेरीतल्या वरिष्ठांना जातो, संध्याकाळी शेजाऱ्यांना, मग गावाकडच्या मेहुण्याला. ज्या मेहुण्याला हप्ता म्हणजे काय हेही नीट ठाऊक नाही, त्याला सांगितले जाते की तुमचा नातेवाईक चोर आहे, उद्या पोलीस त्याला घरातून उचलणार आहेत! आणि रात्री जेवणाच्या ताटावर पुन्हा तोच फोन, ह्या खेपेस मुलांच्या देखत.

ह्यातील प्रत्येक गोष्ट नियमबाह्य आहे, हे कित्येकांना माहीत नसते आणि ज्यांना माहीत असते त्यांना ते बोलण्याचे धैर्य उरलेले नसते. रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ रोजी परिपत्रक काढून सर्व बँकांना व वित्तसंस्थांना बजावले की, थकीत कर्जासाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातच्या नंतर ऋणकोला फोन करावयाचा नाही. धाकदपटशा शब्दांनीही करावयाचा नाही. चारचौघांत मानहानी करावयाची नाही. कुटुंबीय, मित्र आणि कर्जाच्या अर्जात ज्यांची नावे केवळ ओळखीपुरती दिली आहेत त्यांना छळावयाचे नाही. निनावी वा धमकीचे फोन करावयाचे नाहीत. गटकर्ज घेणाऱ्या गरीब स्त्रियांसाठी तर ही वेळ आणखी आखूड, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा अशी ठरविलेली आहे. डोंबिवलीचा माणूस संध्याकाळी सात वाजता बहुधा मुलुंड-ठाण्याच्या दरम्यान गर्दीत चेपलेला असतो. तो घरी पोचल्यावर त्याला गाठता यावे म्हणून वसुलीवाला साडेआठ-नऊची वेळ साधतो. नियम करणाराने ती वेळ निषिद्ध ठरवली ती ह्याचसाठी; घरी पोचलेल्या माणसाला दोन घास सुखाने खाता यावेत, एवढीच त्यामागची अपेक्षा आहे.

ह्या छळात सर्वांत अन्याय होतो तो ज्यांनी छदामही घेतलेला नाही त्यांच्यावर. अर्जात नाव दिले म्हणून कोणी जामीनदार होत नाही. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी ऋणकोइतकीच असते हे खरे. पण त्यासाठी त्याने स्वतः जामीन राहण्याचे कबूल केलेले असावे लागते. शेजाऱ्याने, मेहुण्याने किंवा कचेरीतल्या सहकाऱ्याने तसे काही कबूल केलेले नसेल, तर त्याच्याकडून एक रुपयाही मागण्याचा अधिकार कोणाला नाही. दुसरा एक वर्ग तर निव्वळ दैवाचा बळी असतो. बंद पडलेला मोबाईल क्रमांक ९० दिवसांनंतर नव्या ग्राहकाला मिळू शकतो; पूर्वीच्या मालकाची थकबाकी मात्र त्या क्रमांकाला चिकटून येते! मग कल्याणच्या एखाद्या निवृत्त शिक्षकाने, ज्या माणसाचे नावही त्याने ऐकलेले नाही, त्याच्या वतीने महिनोन् महिने शिव्या खाव्यात. 'मी तो नव्हे' असे सांगून पाहावे, तर 'सगळे असेच सांगतात' हे उत्तर ठरलेले.

आपल्या मुलखाला तगादा नवा नाही. धनकोने ऋणकोच्या दारात उपाशी बसून त्याला लोकलज्जेने आणि पापभयाने वाकवावे, ही 'धरणे' नावाची रीत एके काळी इतकी रुळलेली होती की, १८६० च्या भारतीय दंडसंहितेत दैवी कोपाची भीती घालण्याचा गुन्हा सांगताना उदाहरण म्हणून दारात धरणे धरणाऱ्या माणसाचाच दाखला दिला गेला. (आज धरणे हा शब्द मोर्चेवाल्यांनी उचलला आहे, हा निराळा भाग.) पुढे १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले आणि तो वणवा पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. सरकारला चौकशी करावी लागली आणि १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. त्याने कर्जाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला कैदेत टाकण्याची प्रथा बंद केली. १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्याने तर ऋणकोच्या मागे मागे फिरणे, त्याच्या घरापाशी वा कामाच्या जागी घोटाळत राहणे, त्याला धाक घालणे हा शिक्षापात्र गुन्हा ठरविला. म्हणजे सावकाराच्या माणसाने गल्लीच्या तोंडाशी उभे राहणे सुमारे ८० वर्षांपूर्वीच गुन्हा होते! आजचा वसुलीवाला गल्लीच्या तोंडाशी येतच नाही. तो ऋणकोच्या खिशात, उशाशी आणि सासुरवाडीत एकाच वेळी बसलेला असतो. आणि रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखालील वित्तसंस्थांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये दिलेला असल्यामुळे तो जुना सोटा इथे चालत नाही.

हे संकट एवढे वाढले कसे? टाळेबंदीचे दिवस आठवावेत. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली आणि ज्यांची भाकरी रुळांवरून येत होती त्या कल्याण-डोंबिवलीकरांची चूल थंडावली. सर्वसामान्यांसाठी गाडीची दारे उघडली ती १ फेब्रुवारी २०२१ रोजी, तीही ठराविक वेळांपुरती. हप्त्यांना ऑगस्ट २०२० अखेरपर्यंत सवलत मिळाली, पण व्याज काही थांबले नव्हते. त्या काळात हातातल्या मोबाईलवर पाच मिनिटांत पाच हजार रुपये देऊ करणारे ॲप अवतरले. कागद नको, जामीन नको. फक्त फोनमधली नावांची यादी आणि छायाचित्रे पाहण्याची परवानगी हवी. ती परवानगी म्हणजेच तारण होते, हे लोकांना फार उशिरा कळले. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या कार्यगटाला २०२१ च्या पहिल्या दोन महिन्यांत अशी सुमारे १,१०० कर्ज-ॲप आढळली, आणि त्यांतील ६०० बेकायदेशीर निघाली. सप्टेंबर २०२२ मध्ये नियम झाला की, कर्ज देणाऱ्या ॲपने ऋणकोच्या फोनमधील नावांच्या यादीला, छायाचित्रांना आणि फोनच्या नोंदींना हात लावू नये. १ जुलै २०२५ पासून अधिकृत ॲपची सूचीही रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर पाहावयास मिळते. जे ॲप त्या सूचीत नाही त्याच्याकडून दमडीही घेऊ नये, हे आमचे स्पष्ट मत आहे, मग घरात अडचण कितीही मोठी असो.

फोनच्या दुसऱ्या टोकाला कोण असतो, तेही पाहिले पाहिजे. कारण तो पुष्कळदा आपल्यांतलाच असतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घातले, तेव्हा शेकडो तरुण-तरुणी तेथे रात्रपाळी करीत होते. अमेरिकेच्या करखात्याचे अधिकारी असल्याची बतावणी करून ते तिकडच्या गृहस्थांना दमात घेत: थकलेला कर भरा, नाहीतर पोलीस दारात येतील! म्हणजे ह्याच विद्येचा प्रयोग साता समुद्रापार आमच्याच जिल्ह्यातून चालू होता. ती उघड फसवणूक होती. वसुली संस्थेचे काम कायदेशीर आहे, हा भेद आम्ही मानतो. परंतु महिनाअखेरीस ठरलेली रक्कम आणली तरच पगार, हे गणित ज्याच्या मानेवर आहे तो पदवीधर मुलगा किती काळ सभ्य राहील? त्याला शिवी कोणी शिकवली, ह्याचा शोध घेऊ लागले तर पावले बँकेच्या वातानुकूलित कचेरीपर्यंत पोचतात.

तेथे उत्तर ठरलेले असते: 'तो आमचा नोकर नाही, बाहेरची संस्था आहे.' हे उत्तर खोटे आहे. काम बाहेर दिले म्हणून जबाबदारी बाहेर जात नाही, हे रिझर्व्ह बँकेने वारंवार सांगितले आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००७ मध्ये एका खासगी बँकेच्या प्रकरणात, गुंडांकरवी वसुली करता येणार नाही, कायद्याचाच मार्ग धरावा लागेल, असे सुनावले. त्यानंतर एप्रिल २००८ मध्ये जे नियम झाले ते वाचले तर आजच्या परिस्थितीत आणि त्यांच्यात केवढे अंतर आहे ते दिसते. वसुली कोणत्या संस्थेकडे दिली हे बँकेने ऋणकोला आधी कळवावे. येणाऱ्याजवळ अधिकारपत्र व ओळखपत्र असावे. त्याचे फोनवरील संभाषण ध्वनिमुद्रित व्हावे. त्याने १०० तासांचे प्रशिक्षण घेतलेले असावे. आणि ऋणकोची तक्रार प्रलंबित असेल, आणि ती उगाच केलेली नसेल, तोवर प्रकरण वसुलीवाल्याकडे पाठवूच नये! किती शाखांतून हे पाळले जाते? विजय मल्ल्या बँकांचे सुमारे ९,००० कोटी रुपये थकवून २ मार्च २०१६ रोजी देश सोडून गेले; त्यांच्या शेजाऱ्यांना रात्री फोन करून कोणी शिव्या दिल्याचे आमच्या ऐकिवात नाही. ही तत्परता दिवा-मुंब्र्याच्या चाळीतल्या मोबाईलच्या हप्त्यापुरतीच राखून ठेवलेली दिसते.

ज्यांना हे फोन येत आहेत त्यांना आमचे सांगणे असे की, घाबरून क्रमांक बदलू नका आणि एक कर्ज फेडण्यासाठी दुसरे ॲप उघडू नका. फोन करणाराचे नाव, संस्था आणि अधिकारपत्र मागा. तारीख, वेळ आणि शब्द लिहून ठेवा. संदेश पुसू नका. जानेवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले आहे की, ग्राहकाला व्यवहारासंबंधीचे फोन १६०० ह्या आकड्यांनी सुरू होणाऱ्या क्रमांकावरूनच करावेत. तेव्हा साध्या क्रमांकावरून साहेबी थाटात बोलणाऱ्याकडे संशयाने पाहण्यास हरकत नाही. पैसे कोणाच्या खासगी खात्यात भरू नयेत, हे तर सांगणे नलगे. बँकेकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. त्यासाठी वकील लागत नाही, शुल्क पडत नाही. फसव्या ॲपचा प्रकार असेल तर १९३० हा क्रमांक आहे. नुसती थकबाकी हा फौजदारी गुन्हा नव्हे. मात्र धनादेश न वटणे वा खात्यातून परस्पर वळता होणारा हप्ता परत जाणे ह्यांवर कायद्याने खटला होऊ शकतो, म्हणून न्यायालयाचे खरे समन्स आले तर ते टाळू नये. लोकअदालतीच्या नावाने येणारी भयंकर भाषेतील पत्रे मात्र नीट तपासावीत. लोकअदालतीत दोघांच्या संमतीने तडजोड होते, तेथे कोणाला तुरुंगात धाडीत नाहीत. खरेखोटे कळत नसेल तर ठाण्याच्या जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे विचारावे.

परंतु एवढे सगळे त्या गांजलेल्या माणसानेच करावे काय? धमकी देणे, आणि निनावी राहून देणे, हा भारतीय न्याय संहितेच्या ३५१ व्या कलमाखाली गुन्हा आहे. स्त्रियांची छायाचित्रे विद्रूप करून नातेवाइकांना पाठविण्यापर्यंत मजल गेली तर आणखीही कलमे आहेत. असे असता पोलीस ठाण्यात गेलेल्या माणसाला 'तुम्ही पैसे घेतलेत ना? मग द्या की' असे ऐकून परतावे लागत असेल तर कलमांचा उपयोग काय? कर्नाटकाने फेब्रुवारी २०२५ मध्ये अध्यादेश काढून छोट्या कर्जांच्या जबरी वसुलीला दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने त्याचा अभ्यास करावा. तोवर ठाण्याच्या पोलीस आयुक्तालयाने आपल्या प्रत्येक ठाण्याला एक लेखी आदेश द्यावा: रात्री आलेल्या धमकीच्या फोनची तक्रार आली तर कर्ज किती हे आधी न विचारता क्रमांक कोणाचा हे विचारावे. आणि बँकांनी, ज्या वसुली संस्था नेमल्या त्यांची नावे, पत्ते व तक्रारीचा क्रमांक शाखेच्या फलकावर मराठीत लावावा. ठेवींचे व्याजदर लावायला त्या फलकावर जागा सापडते.