कळांनाही वर्ग असतो

सोसणे हा स्त्रीचा धर्म आहे, हा उपदेश आपल्या समाजात नेहमी गरीब स्त्रीलाच केला जातो. नाशिक शहरातील खासगी प्रसूतिगृहात पैसे मोजणारीला एपिड्युरल, म्हणजे कण्यात औषध सोडून दिली जाणारी भूल, मिळू शकते. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावरून सरकारी रुग्णालयात येणारीच्या वाट्याला बहुधा उपदेशच येतो.

यावर ‘अशी मागणीच नाही’ हे उत्तर ठरलेले असते. परंतु अर्थशास्त्रात मागणी म्हणजे क्रयशक्तीचे पाठबळ लाभलेली इच्छा. गरज ही निराळी गोष्ट. अशी सोय असते हेच जिला कुणी सांगितले नाही, ती मागणार तरी काय? प्रसूतीनंतर ‘समाधान आहे ना?’ असे विचारल्यास सुखरूप बाळाकडे पाहून ती होकार देते. त्या होकाराला व्यवस्थेचे प्रशस्तिपत्र मानणे ही शुद्ध फसवणूक आहे.

१८५३ साली राणी व्हिक्टोरियाने प्रसूतीत क्लोरोफॉर्म घेतला. ब्रिटनमध्ये १९३६ पासून सुईणींनाही वायूद्वारे वेदनाशमन करण्याची परवानगी मिळाली. राणीची सवलत सामान्य स्त्रीपर्यंत पोहोचू शकली, ती अशा सार्वजनिक निर्णयांमुळे.

आज एपिड्युरल सर्वांत परिणामकारक आहे. पण त्यासाठी भूलतज्ज्ञ व सतत देखरेख हवी. पेथिडिनच्या इंजेक्शनाने आराम अपुरा पडतो, गुंगी येते आणि बाळाच्या श्वसनावर परिणाम होऊ शकतो. नायट्रस ऑक्साइड व प्राणवायूचे मिश्रण माता स्वतः मुखवटा धरून घेते. आराम मध्यम, पण नियंत्रण तिच्या हाती.

तथापि समाधान केवळ औषधात नाही. हॉडनेट यांनी २००२ साली अनेक अभ्यासांचा आढावा घेऊन दाखविले की, मातेच्या समाधानात वेदनाशमनापेक्षा आधार, वागणूक व निर्णयातील सहभाग यांचा वाटा मोठा असतो. मात्र याचा आधार घेऊन औषध नाकारणे हा शहाजोगपणा होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींत सोबतीण आणि वेदनाशमन दोन्ही आहेत.

महाराष्ट्राचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशकातच आहे. तेव्हा कार्यकर्त्यांनी येथूनच मागणी लावून धरावी: प्रत्येक सरकारी प्रसूतिकक्षात मातेच्या पसंतीची सोबतीण, उपायांची तिच्या भाषेत माहिती आणि जिल्हा रुग्णालयात चोवीस तास भूलतज्ज्ञ. वेदनेतून सुटका हा हक्क आहे. तो पैशाच्या थैलीवर तोलला जाता कामा नये.